सायची पिल्लं, रबडीचं दूध

३ नोव्हेंबर, सोमवार

आले एकदाची. माझ्या पोटाकडे बघून टेंपोवाल्या नवनाथने टेंपो इतका जपून चालवला की शेलूपासून लोधिवलीपर्यंत सगळ्या दुनियेने आम्हाला ओव्हरटेक केलं. सहावा महिना लागलाय, काचेचं कपाट नाही, असं मी त्याला दोनदा सांगितलं. तो मान डोलवायचा आणि अजून हळू घ्यायचा.

बंगला गावाबाहेर, भाताच्या कापलेल्या शेतांच्या कडेला आहे. मला स्वतंत्र खोली, गीझर, नवाकोरा पंखा. मांजरांना मात्र एसी! शेलूच्या वन आरकेत ज्या मुलीने पाच उन्हाळे टेबलफॅनवर काढले, तिने आता मांजरांच्या एसीचं तापमान सांभाळायचं. हसूच आलं. पण नोकरी झकास आहे. बदलापूरच्या पार्लरमध्ये मी दिवसभर लोकांचे कुत्रे घासायचे आणि वर शिव्या खायचे. इथे फक्त पर्शियन मांजरं, आणि शिव्या देणारं कुणी नाही.

मालकीण विमलताई. कर्जतच्या जुन्या घरातल्या, शाळेत शिकवून रिटायर झालेल्या. यजमान गेल्यावर इथे येऊन त्यांनी मांजरांची पैदास सुरू केली. बोलणं इतकं गोड की मला माझ्या फटकळ तोंडाची लाज वाटली. घरात तीनेक वर्षांची अंतरा आहे. ती त्यांना आई म्हणते. ताई साठीच्या आहेत, तेव्हा मूल घेतलेलं असणार. अशा गोष्टी विचारायच्या नसतात, म्हणून नाही विचारलं.

मागच्या अंगणातून माथेरानचा डोंगर दिसतो. माझा नवरा केतन त्याच्या माथ्यावर एका हॉटेलात वाढपी आहे. तो म्हणतो, चौक पॉइंटवर उभा राहून टॉवेल हलवीन, बघ दिसतो का. दिसत नाही, पण मी रोज हो म्हणणार आहे. ही डायरीही त्यानेच दिली, हॉटेलची फुकटची.

९ नोव्हेंबर, रविवार

काम हाताला बसलं. सकाळी प्रत्येकीचे डोळे पुसायचे. या मांजरांचं नाक इतकं आत गेलेलं असतं की डोळ्यांतून सारखं पाणी गळतं आणि गालांवर तपकिरी ओघळ पडतात. उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस बुडवून आतून बाहेर पुसायचं. मग लोखंडी फणी. पोटाखालच्या गाठी आधी बोटांनी सोडवायच्या, फणीने ओढलं तर कातडी सोलून निघते. केस मोकळे राहावेत म्हणून मक्याचं पीठ भुरभुरायचं. उकडलेली कोंबडी हाडं काढून द्यायची. प्रत्येक खोलीला दोन दारं आहेत, एक लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही.

नावं सगळी गोडाधोडाची: साय, रबडी, बासुंदी, चिरोटी. बोका एकटाच पोपट. ते नाव अंतराने ठेवलंय. पोपट दिवसभर लोळतो, खातो आणि कामाच्या वेळी तोंड फिरवतो. असे पुरुष मी पाहिले आहेत.

साय पांढरीशुभ्र आहे आणि पहिलटकरीण. माझ्यासारखीच. तिचं पोट विंचरताना आतलं पिल्लू माझ्या बोटाला ढुशी देतं आणि तेवढ्यात माझं बाळ आतून मला. मी तिला म्हटलं, बाई, आपण दोघी एकाच बोटीत.

माझं हे तिसरं आहे. आधीची दोन राहिली नाहीत. हे राहिलंय. एवढंच लिहिते, जास्त लिहिलं तर दृष्ट लागेल.

१७ नोव्हेंबर, सोमवार

साय व्याली. दुपारी, जेवणाच्या वेळेला.

मांजर आपली आपण विते असं मला वाटायचं. या विऊ शकत नाहीत. तोंड चपटं, दात नीट जुळत नाहीत, त्यामुळे पिल्लावरची पिशवी फोडता येत नाही, नाळ तोडता येत नाही. पिल्लू पिशवीतच गुदमरतं आणि आई शेजारी बसून नुसती बघते. ते सगळं माणसाने करायचं. ताईंनी पिशवी नखाने फोडली, नाळ दोऱ्याने बांधून कापली, पिल्लाला टॉवेलात चोळचोळ चोळलं. मग कुठे ते ओरडलं. चार झाली. साय प्रत्येकाकडे मान वाकडी करून बघत होती.

ताई म्हणाल्या, हिला अक्कल नाही, ही पिल्लांवर बसेल. रबडीची पिल्लं परवाच दगावली होती आणि तिचे स्तन दुधाने ठणकत होते. तर सायची पिल्लं रबडीला द्यायची. मी म्हटलं, ती घेईल का परकी? ताई हसल्या. त्यांनी वेखंडाची डबी काढली. आपल्याकडे बाळाला आंघोळीनंतर लावतात तीच पूड. ती रबडीच्या पोटाला चोळायची, तिच्या नाकाखाली लावायची, पिल्लांनाही लावायची. वास एक झाला की मांजर कुणाचं कोण ते विचारत नाही.

पिल्लांना पूड मीच लावली. रबडीने हुंगलं, आडवी झाली, आणि चारही चिकटली. खरंच जादू वाटली. मग ताईंनी मला गंमत दाखवली. त्यातलं एक उचलून परत सायपुढे ठेवलं. साय वाकली, हुंगली आणि आपल्याच पिल्लावर फिसकारली. पंजा मारला. ताईंना हसू आवरेना, आणि मीही हसले.

२६ नोव्हेंबर, बुधवार

साय ओरडते. खाताना, विंचरताना, पंखा चालू केला तरी. खोलीच्या कोपऱ्या-कोपऱ्यात जाऊन हुंगते. दिलं तेव्हा घेतलं नाहीस, आता कशाला गळा काढतेस, असं मी तिला झापलं. आज कापूस जरा जोरातच फिरवला गेला डोळ्यावरून.

ताई मला फार जपतात. मी वाकले की ओरडतात. रोज खजुराचं दूध. संध्याकाळी माझ्या पोटावर हात ठेवून बसतात आणि बाळाशी बोलतात, शाळेत बोलावं तसं, स्पष्ट आणि सावकाश. म्हणतात, आवाज ओळखीचा व्हायला हवा. माझी आई असती तर तिनेही हेच केलं असतं.

६ डिसेंबर, शनिवार

केतन दादरला गेला, म्हणून या सुट्टीला इकडे आला नाही. माझंही जाणं चुकलं, पहिल्यांदाच. आईच्या हाताला धरून गेलेली मी, त्या गर्दीत, पाच वर्षांची असताना. इथेच मेणबत्ती लावली. ताईही शेजारी येऊन हात जोडून उभ्या राहिल्या. बरं वाटलं.

मग त्यांनी विषय काढला. पहिलं बाळंतपण माहेरी असतं, तुला माहेर नाही, तर हेच माहेर समज. केतनशी फोनवर बोलणं आधीच झालं होतं म्हणे. त्याला सीझनमध्ये रजा नाही, तो तर सुटलाच. मला रडू आलं. कुणी माझ्यासाठी इतकं कधी केलेलं नाही.

दुपट्यांसाठी त्यांनी स्वतःच्या नेसून मऊ झालेल्या साड्या दिल्या. पेटीत वेखंड घालून ठेवलेल्या. दुपारभर शिवत बसले.

१९ डिसेंबर, शुक्रवार

झाडलोटीला सुनिता येते. पलीकडच्या पाड्यावरची, माझ्याहून दोन-चार वर्षांनी मोठी असेल. एक झाडू घेऊन तीच तीच फरशी झाडते, आणि ती फरशी नेमकी ताई अंतराचे केस विंचरतात त्या खोलीसमोरची असते. मी टोमणा मारला की लादीला भोक पडेल गं. ती तशीच झाडत राहिली.

आज अंतराच्या पायात काच घुसली. ताई आंघोळीला गेल्या होत्या. सुनिताने झाडू टाकून पोरीला उचललं. अंतराने असा काही टाहो फोडला की मांजरंसुद्धा पलंगाखाली गेली. लाथा मारल्या, सुनिताच्या हाताला चावली, दात उमटले. मी घेतलं तर माझ्याकडेही राहीना. ताई ओल्या केसांनीच आल्या, त्यांनी पदराखाली घेतलं आणि पोर तिथल्या तिथे गप्प झाली. पायात काच तशीच होती तरी.

सुनिता हात चोळत हसली. मला ते हसणं आवडलं नाही.

२९ डिसेंबर, सोमवार

आज जे ऐकलं ते जसंच्या तसं लिहिते, नाहीतर उद्या मला स्वतःलाच खरं वाटणार नाही.

ताई चौक गावात गेल्या होत्या. सुनिता माझ्या खोलीत आली. दुपटी हातात घेऊन हुंगली आणि खाली बसली. म्हणाली, "हीच मला पन दिल्ती शिवाया."

सुनिता माझ्याच जागेवर होती. याच खोलीत. नवरा सोडून गेलेला, पोटुशी, मांजरांचं करायला ठेवलेली. अंतरा तिची आहे. बाळंतपणात ती तापाने पडली, ताईंनी पोर आपल्याजवळ घेतली. ताप उतरला तोवर पोरगी तिच्या अंगाला तोंड लावेनाशी झाली. "पाजाया घेतली का काळीनिळी व्हायची गं बाय. दोन दिस उपाशी ठेवून बघितली. डोळं फिरवलं तिनं. मंग काय करू? दिली बाईंना. मरन्यापरीस दिल्याली बरी."

मी म्हटलं, तू आई ना, धरून ठेवायचीस. रडून रडून किती रडेल?

तिने माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाली, बाईंना लहान मूलच लागतं. अंतरा आता मोठी झाली, उलटून बोलते, बाईंना नकोशी झाली. मग हळू आवाजात म्हणाली, "बाई बोलल्यात, तुझं आलं का माझी मला मिळंल."

म्हणून ती मला सांगायला आली होती. सावध करायला नाही. माझी माफी मागायला.

३१ डिसेंबर, बुधवार

केतनला फोन. मागे हॉटेलचा गोंगाट. सगळं सांगितलं. तो म्हणाला, सुनिता डोक्याने कमी आहे, ताईंनी त्याला मागेच सांगितलंय, तिच्या नादी लागू नकोस. म्हणाला, या दिवसांत बायकांना असं वाटतं.

ताईंनी मागेच सांगितलंय!

दुपटी सगळी धुतली. दोनदा, गरम पाण्यात. वास जात नाही.

४ जानेवारी, रविवार

ताईंना म्हटलं, मी शेलूला जाते. त्यांनी अडवलं नाही. उलट नवनाथला स्वतः फोन केला. बॅग भरायला वाकले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. पाय सुजून बूट चढेना. ताईंनी दाब मोजला, तो भलताच वाढलेला. त्यांच्याच गाडीने पनवेल. त्यांच्याच मांडीवर माझं डोकं.

काय बोलणार? त्या नसत्या तर मी आणि बाळ दोघं गेलो असतो. डॉक्टरीणबाई तेच म्हणाल्या.

१२ जानेवारी, सोमवार

मुलगा. माझा मुलगा. पाच तारखेला झाला, ऑपरेशन करून, दिवसांच्या आधी. मी एकदाच बघितला, लांबून, लाल, मूठभर.

मला ताप. टाके पिकलेत. बाळ अशक्त आहे म्हणून आधी काचेच्या पेटीत होतं, आता ताईंकडे. त्यांनी घरी नेलं. केतनने हो म्हटलं. इस्पितळातल्या नर्सने माझ्याकडे कौतुकाने बघत म्हटलं, अशी माणसं आता मिळत नाहीत.

माझं दूध मी पिळून देते. ते बाटलीतून जातं. रोज संध्याकाळी.

२३ जानेवारी, शुक्रवार

घरी आणलं मला. मांडीवर घेतला.

चेहरा फिरवला त्याने. स्तन तोंडाला लावला तर सगळं अंग ताठ करून किंचाळला, ओठ निळे, मुठी आवळलेल्या. गळ्यात, कानामागे, मांडीच्या घडीत वेखंड भरलेलं. ताईंनी हात पुढे केले. गप्प. लगेच. त्यांच्या हातातली माझ्याच दुधाची बाटली चुटूचुटू पिऊ लागला.

त्या मला म्हणाल्या, वाईट वाटून घेऊ नकोस. तू फक्त दूध उतरवून दे, बाकी मी बघते.

नाव पण ठेवलंय त्यांनी. ओजस. मला विचारलं नाही.

२७ जानेवारी, मंगळवार

सुनिता अंतराला घेऊन गेली होती. शब्द पाळला ताईंनी. आज सकाळी परत आणली. पोरीने तिकडे पाणीसुद्धा घेतलं नाही, ओकली, निपचित पडली. सुनिताने तिला दारात ठेवलं आणि गेली. मागे वळून बघितलं नाही.

ताईंनी आत घेतली, पण मांडीवर नाही. मांडीवर ओजस होता. अंतरा जाळीच्या दाराबाहेर उभी राहून आई, आई करते आहे. ताई मला सांगतात, जरा बघ तिच्याकडे.

दुसऱ्यांदा दिली सुनिताने. दुसऱ्यांदा! चीड येते मला तिची. आपलं असेल तर माणूस सोडत नाही—

३० जानेवारी, शुक्रवार

केतन आला. बाळाला घेतलं, हसला, रडला. मग माझ्याकडे दिलं. तेच. तसंच किंचाळणं. केतनचा चेहरा बघितला मी. त्याला माझी भीती वाटली. बाळाला नाही, माझ्या नवऱ्याला माझी—

बाहेर ओट्यावर तो आणि ताई बोलत होते. बाळंतपणात काहींच्या डोक्यावर परिणाम होतो असा. सहा महिने बाळ इथेच राहू दे. मेघा बरी झाली की बघू.

तो मला म्हणाला, बाळ जगतंय ना, मग झालं. तुला काय हवंय अजून?

मला काय हवंय.

१ फेब्रुवारी, रविवार

केतन अजून आहे, उद्या जाणार. ताई पूजेला बसल्या तेव्हा बाळ उचललं. मांजरांच्या विण्याच्या खोलीत आले. दोन्ही दारं लावली, दोन्ही कड्या. आत साय आहे. ती कोपऱ्यात गेली.

आंघोळ घातली त्याला. कोमट पाण्याने, कापसाने, घडीन् घडी. डोळे आतून बाहेर. आता त्याला कुणाचाच वास नाही. आता माझाच लागेल.

रडतोय.

दुपार

रडतोय. घेत नाही. थेंब ओठांवर सोडले, थुंकले. दाराबाहेर केतन. आधी समजावत होता, आता शिव्या देतोय. ताई काचेतून बघतात. त्या म्हणाल्या, मेघा, पोर मरेल, दे. सुनिताचा पण आवाज आला. ती आज कशी आली? तिला कुणी बोलावलं? ती रडत म्हणते, "दे गं बाय, दे त्याला, मी दिल्ती ना."

म्हणूनच देणार नाही.

पिल्लू धडपडतं तेव्हा काय करायचं ते ताईंनीच शिकवलंय. टॉवेलात हात-पाय घट्ट गुंडाळायचं, तोंड आपल्या अंगाशी दाबून धरायचं, आणि सोडायचं नाही. ओरडलं तरी नाही, ओरबाडलं तरी नाही. थोडा वेळ झगडतं. मग आपोआप मऊ पडतं. आपलं होतं.

चार वाजले असतील

ते दार फोडतायत. पहिलं पडलं. साय फिसकारते—माझ्यावर की त्यांच्यावर कळत नाही—

एका हाताने लिहितेय. दुसऱ्या हातात तो. छातीशी. चेहरा फिरवू दिला नाही या वेळी—

गप्प झाला!

बघा म्हणावं, या, बघा सगळे. माझ्याजवळ गप्प झाला. किती मऊ पडलाय. मूठ उघडली. ओठाशी दूध आहे, माझं दूध, पुसतही नाही मी—

आवाज करू नका ना. झोपलाय. केतन, हळू. इतका छान झोपलाय, श्वाससुद्धा ऐकू येत नाही. उठला की पाजीन. उठला की नाव ठेवीन, मी ठेवीन, मला पहिल्यापासून ठेवायचं होतं ते—उठला की—